आकडा आणि त्याची अट

अर्दुइनो उनोच्या एका पिनमधून किती करंट घेता येतो, असं डिप्लोमाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या मुलांना विचारलं की ‘४० मिलिअँपिअर’ हे उत्तर लगेच येतं. आकडा खोटा नाही. उनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपच्या डेटाशीटमध्ये तो छापलेला आहे. मात्र ज्या तक्त्यात तो आहे त्याचं शीर्षक ‘ॲब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज’ असं आहे, आणि त्या तक्त्याला जोडलेली टीप सहसा कुणी वाचत नाही. या मर्यादा ओलांडल्या तर चिप कायमची बिघडू शकते, या मर्यादांवर ती काम करेल असं उत्पादक म्हणत नाही, आणि फार काळ तिथे ठेवली तर तिच्या भरवशावर परिणाम होऊ शकतो, असं ती टीप सांगते.

वापरायचा आकडा पुढच्या तक्त्यात, ‘डीसी कॅरॅक्टरिस्टिक्स’मध्ये आहे. पुरवठा ५ व्होल्टचा आणि करंट २० मिलिअँपिअरचा असेल, तर पिन ‘लो’ असताना तिच्यावर जास्तीत जास्त ०.९ व्होल्ट आणि ‘हाय’ असताना कमीत कमी ४.२ व्होल्ट असतील, अशी हमी तिथे दिली आहे. २० च्या पुढे हमी संपते. पिन ३० मिलिअँपिअरही देईल, पण तेव्हा व्होल्टेज किती उरेल याचं उत्तर उत्पादक देत नाही. त्याच तक्त्याच्या तळटीपेत आणखी एक बंधन दडलेलं आहे. पिनांचे गट पाडून प्रत्येक गटाच्या एकूण करंटवर मर्यादा घातली आहे, आणि संपूर्ण चिपच्या पुरवठ्याच्या व ग्राउंडच्या पिनांसाठी २०० मिलिअँपिअरची वेगळी कमाल मर्यादा आहेच. उनोच्या १४ डिजिटल पिनांवर १४ एलईडी लावून प्रत्येकीला २० मिलिअँपिअर दिले, तर एकही पिन आपली मर्यादा मोडत नाही. चिप मात्र २८० वर गेलेली असते.

एलईडी पेटतात, हीच खरी अडचण आहे. त्या पेटल्या नसत्या तर कुणीतरी तळटीप वाचली असती.

मायक्रोकंट्रोलरवर मराठीत जे थोडंफार लिहिलं गेलं आहे त्यातलं बहुतेक प्रोग्रॅमिंगच्या अंगाने जातं. रजिस्टर, टायमर, इंटरप्ट यांची ओळख होते. चिपच्या विद्युत मर्यादांचं प्रकरण मात्र ‘परिशिष्ट’ म्हणून सुटतं. डेटाशीट लिहिणारेही त्याला मदत करतात. एटीमेगा३२८पीच्या कुटुंबाची एकत्रित डेटाशीट सहाशेहून जास्त पानांची आहे, आणि विद्युत मर्यादांचं प्रकरण तिच्यात बरंच पुढे येतं. तिथवर पोचेपर्यंत वाचणाऱ्याचा कार्यक्रम चालू झालेला असतो. प्रस्तुत पुस्तक वाचनाचा हा क्रम उलटा करतं. त्यामागचा विचार समजण्यासाठी या तक्त्यांचा इतिहास थोडा पाहायला हवा.

तो चिपपेक्षा जुना आहे. व्हॉल्व्हच्या काळात मर्यादा छापण्याच्या तीन पद्धती होत्या आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९६१ साली १३४ क्रमांकाच्या मानकात त्यांची व्याख्या केली. ‘डिझाइन सेंटर’ पद्धतीत उत्पादक सर्वसाधारण वापर गृहीत धरून आकडा देई; मेन्सचं व्होल्टेज खालीवर होणं, नगानगातला फरक, यांची सोय त्यानेच आकड्यात करून ठेवलेली असे. ‘डिझाइन मॅक्सिमम’मध्ये व्हॉल्व्हच्या गुणधर्मांतल्या फरकाची जबाबदारी व्हॉल्व्ह बनवणाऱ्याकडे राही आणि बाकीचे चढउतार रेडिओ बनवणाऱ्याने सांभाळायचे असत. तिसरी ‘ॲब्सोल्यूट मॅक्सिमम’. तिच्यात पुरवठा, भार, हवामान, सुट्या भागांतला फरक, सगळं वाईटात वाईट धरूनही रेषेच्या आत राहण्याची जबाबदारी संपूर्णपणे यंत्र बनवणाऱ्यावर येते. सेमिकंडक्टर उद्योगाने ही तिसरी पद्धत उचलली. म्हणजे ४० मिलिअँपिअरच्या त्या ओळीत चिपच्या ताकदीइतकीच जबाबदारीची वाटणीही लिहिलेली आहे. हे एकदा ध्यानात आलं की डेटाशीटचं विद्युत प्रकरण करारपत्रासारखं वाचता येतं. कोण, काय, कोणत्या अटीवर देतो आहे, हे प्रत्येक ओळीला विचारायचं.

करार किती नेमका असू शकतो हे टीटीएल या लॉजिक चिपांच्या घराण्याने दाखवलं. साठच्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ५४०० आणि ७४०० ही मालिका आली. ५४०० लष्करी वापरासाठी, उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसची. ७४०० व्यापारी, ० ते ७० अंशांची. ‘लो’ देणारी चिप ०.४ व्होल्टच्या वर जाणार नाही आणि घेणारी चिप ०.८ व्होल्टपर्यंत ‘लो’ मानेल. ‘हाय’ देणारी २.४ च्या खाली येणार नाही आणि घेणारी २.० पासून ‘हाय’ मानेल. दोन्ही बाजूंना ०.४ व्होल्टची मोकळी जागा, तारांमधल्या गोंगाटासाठी राखून ठेवलेली. देणाऱ्याचं वचन आणि घेणाऱ्याची अपेक्षा यांच्यातलं हे अंतर मोजण्याची सवय तिथून लागली.

पुढे मायक्रोकंट्रोलर आले: १९७४ साली टीएमएस१०००, १९७६ साली इंटेलची ८०४८ आणि १९८० साली ८०५१ आली. शेवटचं नाव महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांच्या अभ्यासक्रमातलं. ८०५१च्या प्रयोगात एलईडी नेहमी पुरवठा आणि पिन यांच्या मध्ये लावायची आणि पेटवायला शून्य लिहायचं, हे मुलं पाठ करतात. त्याचं कारण क्वचितच सांगितलं जातं. या चिपच्या पोर्टमधला ‘हाय’ अगदी दुबळा असतो. प्रयोगशाळांत सर्रास आढळणाऱ्या एटी८९एस५२मध्ये २.४ व्होल्टची हमी आहे ती अवघ्या ६० मायक्रोअँपिअरला. ‘लो’ करंट ओढू शकतो, पण त्यालाही लगाम आहे. एका पिनला १० मिलिअँपिअर, पोर्ट १, २, ३ यांपैकी प्रत्येकी एकूण १५ आणि सगळ्या पोर्टांना मिळून ७१. आता नेहमीचा प्रयोग आठवावा. एका पोर्टवर आठ लाल एलईडी, प्रत्येकीला ३३० ओमचा रेझिस्टर. प्रत्येकीतून सुमारे ९ मिलिअँपिअर, म्हणजे पोर्टवर ७२. परवानगी १५ ची! प्रयोग दरवर्षी यशस्वी होतो, जर्नलवर सही होते. चिपही बहुधा जिवंत राहते. फक्त त्या क्षणी तिच्या पिनांवरच्या व्होल्टेजबद्दल डेटाशीट काहीही म्हणत नसते.

सीमॉस पद्धतीच्या चिपा आल्यावर मर्यादांचं स्वरूप बदललं. सीमॉसच्या इनपुटमध्ये ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि हाताच्या स्थिर विजेनेही तो फुटू शकतो. म्हणून बहुतेक पिनांना आतून दोन संरक्षक डायोड जोडलेले असतात, एक पुरवठ्याकडे आणि एक ग्राउंडकडे. एटीमेगा३२८पीच्या पिनवरचं व्होल्टेज उणे ०.५ पासून पुरवठा अधिक ०.५ एवढ्यातच हवं, हा नियम इथून येतो. त्यापुढे गेलं की डायोड वाहू लागतो. करंट वाढला तर तो जळू शकतो. त्याहून वाईट म्हणजे सिलिकॉनमध्ये नकळत तयार झालेला थायरिस्टर चालू होऊन पुरवठा आणि ग्राउंड जवळजवळ जोडले जातात. याला लॅच-अप म्हणतात, आणि पुरवठा बंद केल्याशिवाय तो सुटत नाही.

या नियमाचा एक परिणाम नवख्यांच्या लक्षात येत नाही. ‘पुरवठा अधिक ०.५’मधला पुरवठा म्हणजे त्या क्षणीचा पुरवठा. मायक्रोकंट्रोलर बंद आहे आणि त्याला जोडलेला जीपीएस मॉड्यूल चालू आहे, अशा वेळी परवानगी फक्त ०.५ व्होल्टची उरते. मॉड्यूलच्या सिग्नलमधून डायोडवाटे करंट आत शिरतो आणि बंद केलेली चिप अर्धवट जागी राहते. वीज वाचवायला पुरवठा तोडला, आणि बॅटरी तरीही उतरते, यामागे पुष्कळदा हेच असतं.

गंमत अशी की हा नियम खुद्द ही चिप घडवणाऱ्या ॲटमेल कंपनीनेच एका ॲप्लिकेशन नोटमध्ये मोडून दाखवला आहे. एव्हीआर१८२ या नोटमध्ये मेन्सचा शून्यबिंदू ओळखण्यासाठी घरगुती वीज एका १ मेगाओमच्या रेझिस्टरमधून थेट पिनला जोडली आहे. २३० व्होल्टचं शिखर साधारण ३२५ व्होल्टचं. १ मेगाओममधून जातो तो एक तृतीयांश मिलिअँपिअर. डायोडमधून १ मिलिअँपिअरपेक्षा जास्त जाऊ देऊ नये, असं ती नोट सांगते. म्हणजे छापलेली मर्यादा व्होल्टेजची असली तरी खरी भीती करंटची होती. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या डेटाशीटमध्ये ही गोष्ट उघडपणे येते. तिच्या एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरसाठी ‘इंजेक्टेड करंट’ अशी वेगळी ओळ असून तिच्यात ५ मिलिअँपिअरची मर्यादा दिली आहे. (मेन्सचा तो प्रयोग घरी करू नये. त्यात विजेपासून कसलंही विलगीकरण नाही आणि पूर्ण सर्किट जिवंत असतं.)

पाच व्होल्टचं जग तीन पूर्णांक तीनवर आलं, तेव्हा टीटीएलच्या काळात लागलेली वचन आणि अपेक्षा मोजण्याची सवय पुन्हा कामी आली. ईएसपी३२ ही चिप ३.३ व्होल्टवर चालते आणि तिच्या ‘हाय’ची हमी पुरवठ्याच्या ८० टक्के, म्हणजे २.६४ व्होल्टची आहे. पाच व्होल्टवरच्या एटीमेगा३२८पीला ‘हाय’ म्हणून कमीत कमी ६० टक्के, म्हणजे ३ व्होल्ट हवेत. वचन २.६४, अपेक्षा ३. तरीही ही जोडणी हजारो टेबलांवर चालते, कारण पिनवर भार नसताना प्रत्यक्षात ३.३ च्या जवळपास मिळतात. उलट दिशेला, पाच व्होल्ट ईएसपी३२मध्ये घालणं, मात्र थेट मर्यादाभंग आहे. एसटीएम३२एफ१०३च्या काही पिना पाच व्होल्ट सोसतात, काही सोसत नाहीत, आणि कोणत्या ते पिनांच्या तक्त्यातल्या एका बारीक रकान्यात दोन अक्षरांत लिहिलेलं असतं. याच चिपच्या पीसी१३ ते पीसी१५ या तीन पिना आतल्या एका छोट्या स्विचमधून पोसल्या जातात. त्यांवर ३ मिलिअँपिअरचं बंधन आहे आणि एलईडी पेटवायला करंट पुरवण्यासाठी त्या वापरू नयेत, असं स्पष्ट लिहिलं आहे. ‘ब्लू पिल’ या लोकप्रिय बोर्डावरची प्रोग्रॅमने पेटवता येणारी एकुलती एक एलईडी पीसी१३वरच आहे. तिथे पिन करंट पुरवत नाही, ओढते, त्यामुळे नियम शब्दशः पाळला जातो. पण बोर्डावर एलईडी पाहून आपलीही तिथेच, दुसऱ्या दिशेने लावणारे निघतातच.

वेग, व्होल्टेज आणि वेळ यांच्या मर्यादा एकमेकींत गुंतलेल्या असतात. एटीमेगा३२८पी २० मेगाहर्ट्झवर चालते ती ४.५ व्होल्टच्या वर, २.७ व्होल्टला हमी १० मेगाहर्ट्झचीच. मधल्या भागात सरळ रेषा आहे आणि उनोच्या १६ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ३.७८ व्होल्ट मागते. म्हणूनच ३.३ व्होल्टचा प्रो मिनी बोर्ड ८ मेगाहर्ट्झचं क्लॉक घेऊन येतो. उनोमध्ये मात्र व्होल्टेज पडल्यावर चिपला थांबवणारी ब्राउन-आउटची पातळी मुळात २.७ वर ठेवलेली असते. ३.७८ ते २.७ या पट्ट्यात चिप थांबत नाही आणि ती बरोबर चालेल असं कुणी म्हणतही नाही. उतरत्या बॅटरीवर ईईप्रॉममधली माहिती विस्कटण्याची कहाणी पुष्कळदा याच पट्ट्यात घडते. ईईप्रॉमचं स्वतःचं आयुष्य वेगळं मोजायचं. एका जागी १ लाख वेळा लिहिण्याची हमी हा आकडा भरपूर वाटतो. टाकीची पातळी दर मिनिटाला त्याच जागी नोंदवली, तर १ लाख मिनिटं म्हणजे जेमतेम ६९ दिवस.

आकडे येतात कुठून, हाही प्रश्न विचारावा लागतो. तक्त्यात ‘टिपिकल’, ‘मिनिमम’ आणि ‘मॅक्सिमम’ असे रकाने असतात. ‘टिपिकल’ हा सहसा २५ अंशांवरच्या सर्वसाधारण नगाचा आकडा असतो आणि त्यावर डिझाइन उभं करणं म्हणजे आपल्याकडे आलेला नग सर्वसाधारणच असेल असं धरून चालणं. एसटीच्या डेटाशीट यात प्रामाणिक वाटतात. कोणती मर्यादा प्रत्येक नगावर तपासली, कोणती नमुन्यांवरून आकडेशास्त्राने काढली आणि कोणती केवळ डिझाइनवरून गृहीत धरली, हे त्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच किंवा तळटीपांत सांगतात. एटीमेगाच्या आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरची कारखान्यातली हमी अधिक-उणे १० टक्क्यांची आहे. सिरियल संवादासाठी ८ बिटांना २ टक्क्यांच्या आसपासची चूक शिफारशीत बसते. टेबलावर, खोलीच्या तापमानाला, ऑसिलेटर सहसा बऱ्यापैकी नेमका असतो आणि संवाद चालतो. तीच पेटी चंद्रपूरला मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये टांगली की अक्षरांऐवजी कचरा येऊ शकतो.

तापमानाचं प्रकरण खास आपल्या हवेचं आहे. बहुतेक साध्या चिपांवर ८५ अंश छापलेले असतात. विदर्भात उन्हाळ्यातली हवाच ४५ च्या पुढे जाते. बंद पेटीत १२ व्होल्टचे ५ करणारा साधा रेग्युलेटर १५० मिलिअँपिअर देत असेल, तर एक वॉटहून जास्त उष्णता तो आतच सोडतो. शिवाय ८५ हा आकडा भोवतालच्या हवेचा की सिलिकॉनच्या जंक्शनचा, हे प्रत्येक उत्पादकाचं वेगळं असतं. मोटारगाड्यांच्या चिपांसाठी एईसी-क्यू१०० हे मानक म्हणूनच आलं. त्यात ३ ऱ्या श्रेणीला ८५ अंश, १ ल्या श्रेणीला १२५ आणि शून्याव्या श्रेणीला १५० अंश अशी उतरंड आहे.

एवढं सगळं वाचून डिझाइन कसं करायचं याबद्दल जाणकारांत एकमत नाही. एक पंथ ‘वर्स्ट केस’वाल्यांचा. सगळे आकडे वाईट टोकाला धरायचे आणि तरीही सर्किट चाललं पाहिजे. दुसरा अवकाश आणि लष्करी क्षेत्रातला, ‘डीरेटिंग’चा. छापील मर्यादेचा ठरावीक हिस्साच वापरायचा. नासाने त्यासाठी आपले तक्ते प्रसिद्ध केले आहेत. तिसरा पंथ आकडेशास्त्राचा. सगळ्या वाईट गोष्टी एकाच नगात एकत्र येण्याची शक्यता किती, हे मोजून थोडी सूट घ्यायची. लाखोंनी नग बनवणाऱ्याला ती परवडते, दहा नग बनवणाऱ्याला तिचा आधार नसतो. चौथा पंथ कुठल्याही ग्रंथात नाही, पण अनुयायी त्याचेच सर्वांत जास्त: ‘चालतंय ना?’ प्रस्तुत पुस्तक पहिल्या पंथाकडे झुकलेलं आहे आणि ते तसं लपवत नाही. चौथ्याची मात्र ते टिंगल करत नाही. टेबलावरचं मोजमाप हा त्या एका नगाचा, त्या दिवसाचा खरा पुरावा असतो. फक्त तो हमीच्या जागी बसवता येत नाही.

आजच हे पुस्तक का, याची कारणं बाजारात दिसतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एकाच पिशवीत पाच व्होल्टचा बोर्ड, तीन पूर्णांक तीनचा सेन्सर आणि निळा रिले घेऊन बाहेर पडता येतं. त्या रिलेची कॉइल सहसा ७० ओमची, म्हणजे ७१ मिलिअँपिअर मागणारी. मध्ये ट्रान्झिस्टर आणि उलटा डायोड लागतो, हे पिशवीवर लिहिलेलं नसतं. २०२० नंतरच्या चिपटंचाईत एसटीएम३२च्या जागी तिच्याशी पिनापिनांनी जुळणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या चिपा सर्रास आल्या. प्रोग्रॅम बहुतेक वेळा तसाच चालतो. मर्यादा मात्र त्या दुसऱ्या कंपनीच्या असतात आणि तिची डेटाशीट कुणी उघडलेली नसते.

डेटाशीटही अंतिम नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये रास्पबेरी पायची आरपी२३५० ही चिप आली आणि काही दिवसांतच तिच्या दोषयादीत ई९ ही नोंद गाजू लागली. पिन इनपुट म्हणून ठेवून आतला पुल-डाउन लावला, तर ती खाली न येता २.२ व्होल्टच्या आसपास अडकून राहू शकत होती, कारण तिच्यातून अपेक्षेपेक्षा खूप जास्त करंट गळत होता. बाहेरून ८.२ किलोओम किंवा त्याहून कमी मूल्याचा रेझिस्टर लावावा, असा उपाय सांगण्यात आला. मुख्य तक्ते पाहून डिझाइन केलेल्याला हे कळण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे दोषयादी वाचणं. पुस्तक म्हणूनच दोषयादीला डेटाशीटइतकंच वजन देतं.

पुस्तकाची मांडणी चिपांच्या क्रमाने नाही, प्रश्नांच्या क्रमाने आहे. पिन किती देते, किती सोसते, किती वेगाने, किती गरम होऊन, किती वर्षं. आणि प्रत्येक प्रश्नाला तीन-चार वेगवेगळ्या उत्पादकांच्या डेटाशीट समोर ठेवून उत्तर शोधलं आहे. त्यामुळे एकच गोष्ट एका कंपनीने तक्त्यात, दुसरीने आलेखात आणि तिसरीने तळटीपेत कशी ठेवली आहे, हे दिसतं. गणित बेरीज-वजाबाकी आणि ओमच्या नियमापलीकडे जात नाही. तापमानाच्या भागात उष्णतारोधाची एक पायरी वाढते, तेवढीच. वाचकाकडे मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड आणि मूठभर रेझिस्टर असावेत, असं गृहीत धरलं आहे.

मेन्सवर चालणाऱ्या उपकरणांची सुरक्षितता, वायरलेसच्या अँटेनाचं डिझाइन आणि विद्युतचुंबकीय व्यत्ययाच्या चाचण्या हे विषय लेखकाने बाहेर ठेवले आहेत. ते प्रत्येकी स्वतंत्र पुस्तक मागतात. वापरलेल्या प्रत्येक डेटाशीटची आवृत्ती त्या त्या ठिकाणी दिली आहे. उत्पादक आवृत्ती बदलतात तेव्हा बदलांची यादी सहसा दस्तऐवजाच्या शेवटी जोडतात, आणि विद्युत तक्त्यांतले फेरफार त्या यादीत एखाद्या ओळीत उरकलेले असतात. वाचकाने पुस्तकातला आकडा सर्किटमध्ये वापरण्यापूर्वी ती यादी उघडून पाहावी.